आराम आणि शिफा

आमच्या घरात आजारी माणसाला एकच प्रश्न विचारतात, "आराम है क्या?" मराठी शेजारीही तेच विचारतात, "आराम पडला का?" मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवतो, पण या शब्दात एक घोळ दडला आहे हे मला फार उशिरा कळले. त्रास कमी झाला तरी आपण 'आराम' म्हणतो आणि आजार मुळापासून गेला तरी 'आराम'च म्हणतो. खरे तर दुसऱ्या गोष्टीसाठी उर्दूत 'शिफा' हा वेगळा शब्द आहे. पण तो आपण दुआ मागतानाच वापरतो, दवाखान्यातून घरी आल्यावर नाही.

२०१३ च्या दिवाळीच्या सुमारास राहुरी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या खालांची तब्येत बिघडली. जेवण नेहमीपेक्षा जास्त, तरी वजन उतरत होते. थंडीतही त्यांना पंखा लागायचा. रोट्या थापताना हात थरथरायचे आणि रात्री छातीत इतके धडधडायचे की त्या उठून बसायच्या. काही महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून पडला होता. सगळ्यांनी ठरवून टाकले की खालांनी धसका घेतला आहे. मौलानांकडून पाणी दम करून आणले. त्याची मी चेष्टा करणार नाही, घाबरलेल्या माणसाला दुआचा आधार वाटतो. पण दोन महिन्यांत फरक पडला नाही, तेव्हा नगरच्या एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी रक्त तपासले आणि थायरॉईड ग्रंथी जास्त काम करते आहे असे सांगून दोन गोळ्या लिहून दिल्या. एक प्रोप्रॅनोलॉल, दुसरी कार्बिमाझोल. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची होती.

चार दिवसांत धडधड थांबली. हात स्थिर झाले. खालांनी मला विचारले, "बेटा, एक गोली से आराम है, दूसरी कायको?" त्यांना वाटले, मी शिकलेला आहे, मला कळत असेल. मीही चिठ्ठी हातात घेऊन, कळल्यासारखे करून म्हणालो, "मग राहू द्या दुसरी." त्या एका वाक्याची किंमत काय झाली ते शेवटी सांगतो. त्यानंतर मी या दोन गोळ्यांबद्दल वाचायला लागलो. वाचता वाचता तो इतिहास इराणपासून आमच्या नगरपर्यंत आणि नगरपासून मुंबई, दिल्ली, लंडनपर्यंत जाऊन पोहोचला.

कॅस्पियन समुद्राच्या काठी गुरगान नावाचा प्रदेश आहे. अरबीत त्याला जुर्जान म्हणतात. अकराव्या शतकात तिथे सय्यद इस्माईल जुर्जानी हे हकीम जन्मले. पुढे ते ख्वारज्मच्या शाहच्या दरबारी गेले आणि इसवी सन १११० च्या सुमारास त्यांनी 'जखीरा-ए-ख्वारज्मशाही' हा प्रचंड वैद्यकग्रंथ लिहिला. त्या काळी विद्वानांची भाषा अरबी होती. इब्न सीना स्वतः इराणी, तरी त्यांचा 'कानून' अरबीत आहे. जुर्जानींनी मात्र फारसी निवडली. आपल्या मुलखातल्या लोकांना वाचता यावे, एवढे साधे कारण. वैद्यकावरचा फारसीतला हा पहिला मोठा कोश मानला जातो. गळ्याची गाठ आणि बाहेर आलेले डोळे यांचा एकमेकांशी संबंध आहे, ही नोंद जुर्जानींनी युरोपच्या सातशे वर्षे आधी केली, असे वैद्यकाचे इतिहासकार सांगतात. आज आपण ज्याला ग्रेव्हज आजार म्हणतो, म्हणजे ज्यात थायरॉईड ग्रंथी बेफाम होते, त्याच्या या दोन ठळक खुणा आहेत.

गुरगान आणि नगर यांचे नातेही जुने आहे. निजामशाहीच्या काळात इराणमधून कवी, शिपाई, आलिम आणि हकीम इथे येत. पहिल्या बुरहान निजामशाहच्या दरबारी रुस्तम जुर्जानी हे हकीम होते. त्यांनी आपल्या ग्रंथाला 'जखीरा-ए-निजामशाही' असे नाव दिले. नावावरूनच जुन्या जखीऱ्याची आठवण होते. पुढे अस्तराबादचा एक मुलगा वडिलांबरोबर नगरला आला. अस्तराबाद म्हणजेच आजचे गुरगान शहर. हा मुलगा म्हणजे मुहम्मद कासिम फरिश्ता. इतिहासकार म्हणून त्याला जग ओळखते. पण त्याने 'दस्तूर-उल-अतिब्बा' नावाचा वैद्यकग्रंथही लिहिला आणि त्यात भारतीय वैद्यांचे ज्ञान फारसी वाचकांपुढे मांडले, हे आपल्या शहरात फारसे कुणाला माहीत नाही. युनानी आणि आयुर्वेद यांच्यात कधी भिंत होती असे ज्यांना वाटते, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

युनानी हकीम छातीतल्या धडधडीला 'खफकान' म्हणतात. हा शब्द उर्दूत आला तेव्हा त्याचा अर्थ हळूहळू सरकला. आज घरात कुणाला 'खफकानी' म्हटले तर त्याचा अर्थ चक्रम, घाबरट, डोके फिरलेला असा होतो. हृदयाच्या तक्रारीचे नाव स्वभावाच्या दोषाला चिकटले. आणि हे फक्त उर्दूतच घडले असे नाही.

इंग्लंडमधल्या बाथ शहरात केलेब पॅरी नावाचे डॉक्टर होते. १७८६ साली त्यांनी ३७ वर्षांची एक विवाहित बाई तपासली. तिचा गळा सुजलेला होता आणि हृदय जोरात धडधडत होते. पॅरींकडे अशा आणखी बायका आल्या. त्यांतली एक २१ वर्षांची मुलगी उतारावरून वेगाने येणाऱ्या चाकाच्या खुर्चीतून फेकली गेली होती. तिला फार लागले नव्हते, पण ती खूप घाबरली होती आणि तेव्हापासून धडधड सुरू झाली. ही नोंद वाचताना मला खालांचा 'धसका' आठवला. पॅरींचे हे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ मध्ये छापले गेले. त्यांचा समज होता की मूळ बिघाड हृदयात आहे.

डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये अशाच तीन स्त्रियांचे वर्णन केले. त्यांनी धडधड आणि गळ्याची सूज यांची सांगड घातली, पण विचार करताना त्यांनाही हिस्टेरिया आठवला, म्हणजे बायकांचा मनाचा आजार. १८४० मध्ये जर्मनीतल्या मर्सेबुर्गचे कार्ल फॉन बासेडोव यांनी तीन खुणा एकत्र मांडल्या: गळ्याची गाठ, बाहेर आलेले डोळे आणि धडधड. तरीही दोष थायरॉईड ग्रंथीचा आहे आणि ती गरजेपेक्षा जास्त काम करते आहे, हे पॉल म्योबियस यांनी १८८६ मध्ये मांडेपर्यंत बराच काळ गेला. तोवर हृदय, मज्जातंतू आणि बायकांचा स्वभाव या तिघांवर आळ घेऊन झाला होता.

मूळ सापडले तरी इलाज सोपा नव्हता. गळ्याचे ऑपरेशन करून ग्रंथीचा भाग काढत. स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांना थायरॉईडवरच्या कामासाठी १९०९ चा नोबेल पुरस्कार मिळाला. पण आजार जोरात असताना ऑपरेशन केले तर ताप आणि नाडी इतकी भडकायची की रुग्ण दगावायचा. १९४३ मध्ये अमेरिकेतले एडविन अ‍ॅस्टवूड यांनी ग्रंथीचे उत्पादन रोखणारी औषधे रुग्णांना दिली. कार्बिमाझोल ही त्याच घराण्यातली पुढची गोळी. याच दशकात किरणोत्सारी आयोडीनचा उपचारही सुरू झाला. आपल्याकडे १९६३ मध्ये मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि थायरॉईडचे असंख्य रुग्ण तिथे जाऊ लागले.

पण या सगळ्या उपचारांत एक अडचण राहून गेली. ग्रंथी म्हणजे भरलेले कोठार असते. कार्बिमाझोल नवे उत्पादन रोखते, पण कोठारात साठलेले आणि रक्तात फिरणारे हार्मोन संपायला काही आठवडे लागतात. किरणोत्सारी आयोडीनला तर त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर हृदय मिनिटाला १२०, १३० ठोके टाकत असेल तर रुग्णाने दिवस काढायचे कसे? मधल्या काळात हृदय शांत ठेवणारे काहीतरी हवे होते.

त्याची एक वाट आपल्या देशातून निघाली. सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदात आहे आणि युनानीत तिला असरोल किंवा छोटा चांद म्हणतात. वेड, निद्रानाश, बेचैनी यांवर ती देत असत. दिल्लीत हकीम अजमल खान यांनी आयुर्वेदिक अँड युनानी तिब्बिया कॉलेज उभे केले. १९२१ मध्ये त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले. जुन्या औषधांची आधुनिक प्रयोगशाळेत परीक्षा व्हावी, अशी अजमल खान यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेल्या सलीमुज्जमाँ सिद्दीकी या तरुणाला हाताशी धरले. १९२७ च्या डिसेंबरात हकीमसाहेब गेले. १९३१ मध्ये सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळातून काही रसायने वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला 'अजमलीन' असे नाव दिले. उस्तादाला शागिर्दाने दिलेली अशी गुरुदक्षिणा क्वचितच पाहायला मिळते. अजमलीन आजही हृदयाच्या ठोक्यांच्या विकारांत वापरतात.

मुंबईचे पारशी डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी पुढचे पाऊल टाकले. केईएम रुग्णालयाशी संबंधित या हृदयरोगतज्ज्ञांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेचा प्रयोग केला आणि १९४९ मध्ये त्याचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. त्यानंतर पश्चिमेचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून 'रेसरपीन' वेगळे केले. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपीन मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेले उत्तेजक रसायन रिकामे करते. म्हणून १९५० च्या दशकात डॉक्टरांनी ते थायरॉईड भडकलेल्या रुग्णांनाही देऊन पाहिले. नाडी उतरली, थरथर कमी झाली. ग्रंथी मात्र होती तशीच काम करत राहिली. शिवाय या औषधाने काही रुग्ण मनाने इतके खचत की इलाजच जड व्हायचा. हृदय शांत करता येते हे कळले होते, पण मन न बुडवता ते कसे करायचे याचे उत्तर मिळाले नव्हते.

ते उत्तर दुसऱ्या बाजूने आले. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले प्राध्यापक रेमंड अल्क्विस्ट यांनी मांडले की अ‍ॅड्रिनलीनसारखी रसायने शरीरात दोन प्रकारच्या ठिकाणी जोडली जातात. त्यांना त्यांनी अल्फा आणि बीटा अशी नावे दिली. हृदयाचा वेग वाढवणारी ठिकाणे बीटा प्रकारची. हा निबंध आधी एका नियतकालिकाने परत पाठवला होता. दुसरीकडे छापून आल्यावरही बरीच वर्षे कुणी फारसे लक्ष दिले नाही.

लक्ष दिले ते स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी. त्यांचे वडील हृदयविकाराच्या झटक्यानंतर वारले होते. ब्लॅक यांचा विचार असा: आजारी हृदयाला जास्त प्राणवायू पुरवण्याची धडपड सगळे करतात, त्यापेक्षा हृदयाची मागणीच कमी केली तर? १९५८ मध्ये ते आयसीआय कंपनीत गेले. त्यांचे पहिले औषध प्रोनेथालॉल उंदरांमध्ये गाठी करते असे दिसल्यावर मागे पडले. त्याच्या जागी १९६४ मध्ये प्रोप्रॅनोलॉल आले. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले. हे औषध बनले होते अंजायनासाठी, म्हणजे छातीच्या दुखण्यासाठी. पण १९६५ मध्येच लंडनच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की थायरॉईडच्या रुग्णांची आणि चिंतेने ग्रासलेल्या रुग्णांची वाढलेली नाडी या औषधाने खाली येते.

आता हे घडते कसे ते समजून घेऊ. अ‍ॅड्रिनलीन म्हणजे दारावर थाप मारणारा माणूस आणि बीटा ही हृदयाची दारे, असे समजा. थायरॉईड भडकलेल्या माणसाच्या रक्तात अ‍ॅड्रिनलीन जास्त असेलच असे नाही, ते बहुधा नेहमीइतकेच असते. पण थायरॉईडचे हार्मोन दारांची संख्या वाढवते. मग एवढ्याच थापांचा घरभर गोंधळ होतो. बीटा ब्लॉकर दारांना आतून कडी लावतो. थापा पडत राहतात, आत आवाज येत नाही. धडधड, थरथर, घाम, बेचैनी कमी होते, तेही काही तासांत किंवा दिवसांत. पण थायरॉईडचे हार्मोन हृदयावर दारे न ठोठावताही काम करत असते. हाडे झिजतात, वजन उतरते, ग्रंथी कोठार भरत राहते. त्यावर कडीचा इलाज नाही. प्रोप्रॅनोलॉल मोठ्या मात्रेत त्या हार्मोनचे जास्त प्रभावी रूप तयार होणे थोडेसे रोखते, एवढेच.

म्हणून डॉक्टर दोन गोळ्या देतात. एक लगेच काम करते, पण मुळाला हात लावत नाही. दुसरी मुळावर काम करते, पण आठवडे घेते. पहिली दुसरीला वेळ मिळवून देते. थायरॉईड ताब्यात आले की पहिली हळूहळू कमी करून बंद करतात आणि दुसरी बरेच महिने चालते. आम्ही घरात नेमके उलटे केले. जी थोडे दिवस घ्यायची ती चालू ठेवली आणि जी चालू ठेवायची ती सोडली. सोडणे स्वाभाविकच वाटत होते. कार्बिमाझोलने पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही, प्रोप्रॅनोलॉलने सगळे जाणवते. जे जाणवते त्यालाच आपण दवा म्हणतो.

खाला कित्येक महिने जुन्या चिठ्ठीवर एकच गोळी आणत राहिल्या. कुणी विचारले की "आराम है" म्हणायच्या आणि ते खोटे नव्हते. २०१४ च्या रमजानमध्ये एका रात्री त्यांना श्वास पुरेना. दवाखान्यात नेले तेव्हा नाडी नुसती वेगात नव्हती, तिचा तालच राहिला नव्हता. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित झाले होते. असे झाले की रक्ताची गुठळी होऊन अर्धांगवायू होण्याचा धोका असतो. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे विचारले, "दुसरी गोळी कुणी बंद केली?" खालांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. मीच म्हणालो, "मी."

अल्लाहच्या कृपेने खाला आज आहेत. पुढे त्यांनी मुंबईला आयोडीनचा उपचार घेतला, थायरॉईड आटोक्यात आले. पण ठोक्यांचा ताल पूर्ण परत आला नाही आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची मागे लागली. ती काही महिन्यांपूर्वी टाळता आली असती का, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. मी स्वतःला ते विचारतो.

हे लिहिण्यामागे एक मतलब आहे. आपल्याकडे "थायरॉईड झाला" एवढेच म्हणतात. तो कमी आहे की जास्त, हे विचारून घ्या, कारण दोन्हींचे इलाज एकमेकांच्या उलट आहेत. धडधडीची गोळी ज्यांना दमा आहे त्यांना घातक ठरू शकते, म्हणून दम्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. ती एकदम तोडू नका, शेजारणीला देऊ नका. कार्बिमाझोल चालू असताना ताप आणि घसा दुखणे एकत्र आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून रक्त तपासून घ्या, कारण क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका, सहरी आणि इफ्तारला कशा बसवायच्या ते महिनाभर आधी विचारा. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

आणि घरातली बाई छातीत धडधडते म्हणाली तर तिला खफकानी ठरवण्याआधी तिची नाडी मोजा आणि रक्त तपासा. पॅरी आणि ग्रेव्हज यांच्याकडे ही तपासणी नव्हती. आपल्याकडे ती तालुक्याच्या गावीही होते.

जुर्जानींनी नऊशे वर्षांपूर्वी जखीरा लोकांच्या भाषेत लिहिला. डॉक्टरांची चिठ्ठी अजूनही आपल्या भाषेत नाही, त्यामुळे ती वाचायला घरातल्या शिकलेल्या माणसाकडे येते. आमच्या घरात ती माझ्याकडे येते. आता मी ती वाचून फक्त एवढेच सांगतो, "यातली कोणती गोळी आरामाची आणि कोणती शिफेची, हे डॉक्टरांना विचारून या. नाहीतर मी बरोबर येतो."